सुनेची गोळी

बनुबाईला कुणी विचारलं, "मालक काय करत्यात सध्या?" तर ती हातातलं काम न थांबवता सांगायची, "हुकूम करत्यात." ऐकणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. बनुबाई हसायची नाही, कारण तिनं विनोद केलेलाच नसायचा. सुभेदार लालासाहेब फौजेतून निवृत्त होऊन घरी आले त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत हुकूम सोडून दुसरं काही केलं असलंच तर पलूसच्या चौकात बसून पेपर वाचला.

लग्न झालं तेव्हा ती कोवळी पोर होती. नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, कॅन्टीनची साबणं-तेलं आणायचा, दोन महिने पाव्हण्यासारखा राहायचा आणि ट्रंक उचलून जायचा. मागं सासरा अंथरुणाला खिळलेला, सासू सतत आजारी, आणि कृष्णाकाठची काळी जमीन. उसाची लागण कवा करायची, तोडीनंतर फुटलेला खोडवा ठेवायचा का मोडायचा, तोडीच्या चिठ्ठीसाठी कारखान्याच्या स्लिपबॉयच्या मागं कसं लागायचं, पाटकऱ्याशी भांडून पाण्याची पाळी कशी मिळवायची, हे सगळं या बाईनं एकटीनं निभावलं. उसाला पाणी पाजताना भरलेल्या सरीचं तोंड मातीनं बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं, याला आमच्याकडं दारं धरणं म्हणतात. कमरेला पदर खोचून, गुडघाभर चिखलात उभी राहून बनुबाईनं सगळी उमेदीची वर्षं दारं धरली. पोर पाठीशी बांधून धरली.

आणि सुभेदार घरी आले त्याच आठवड्यात त्यांनी तिला विचारलं, "तुला उसातलं काय कळतंय?"

आता बोला! दुसरी एखादी असती तर फावडं त्यांच्या हातात देऊन माहेरी निघून गेली असती. बनुबाई म्हणाली, "व्हय, मला काय कळतंय." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून स्वतःला हवं तेच खत टाकून आली. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "तुमी म्हनला तसंच केलं बघा." सुभेदार खूश झाले. ऊसही चांगला आला. ही तिची रीत होऊन बसली. तोंडानं व्हय म्हणायचं, थोडं खोटं बोलायचं, काम साधायचं, आणि घरात भांडण म्हणून होऊ द्यायचं नाही. मुलगा पृथ्वीराज बापाला काही विचारायचा तो आईमार्फत, बाप मुलाला काही सांगायचा तोही तिच्यामार्फतच. मधल्या मधे बनुबाई दोन्हीकडचे शब्द वळवून घ्यायची. बाप म्हणायचा, "त्या गाढवाला सांग, अक्कल न्हाई त्याला." ही पोराला सांगायची, "तुजा आबा म्हनतोय, जरा जपून कर." गावानं तिला शहाणी म्हटलं. 'बनुबाईंच्या घरात कवा आवाज ऐकला न्हाई,' असं लोक लग्नाच्या बैठकीत दाखला म्हणून सांगायचे. काय तो दाखला, आणि काय ते शहाणपण!

सुभेदारांना डॉक्टरकीचाही नाद होता. फौजेत असताना युनिटच्या दवाखान्यात, त्याला ते एमआय रूम म्हणायचे, त्यांची उठबस होती. कंपाउंडर त्यांचा गाववाला. तेवढ्या भांडवलावर त्यांनी घरी बीपीचं मशीन आणून ठेवलं होतं. त्यांना स्वतःला बीपी होतं, निफेडिपिनची गोळी रोज सकाळी चालू होती. सकाळी गल्लीतली म्हातारी माणसं ओट्यावर रांगेनं बसायची, सुभेदार एकेकाच्या दंडाला पट्टा गुंडाळायचे आणि आकडा असा जाहीर करायचे, जणू निकालच देतायत. कुणाचं मीठ बंद, कुणाची तंबाखू बंद. लोक ऐकायचेही. खोटं कशाला बोला, एकदोघांचं भलंही झालं.

त्यात गेल्या वर्षी त्यांची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी जी बसली ती उठेचना. मान पोटाशी वळवली, कान गार पडले. जनावरांचा डॉक्टर आला, म्हणाला, कॅल्शियम संपलंय. शिरेतून बाटली लावली. ती बाटली हातात उंच धरून सुभेदार उभे होते. बाटली निम्मी झाली नसेल तोवर गायीनं अंग थरथरवलं, शेण टाकलं आणि धडपडत उभी राहिली. बघ्यांनी टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी होत्या. त्या दिवसापासून सुभेदारांना कॅल्शियम म्हणजे काय ते संपूर्ण कळलं. ज्याला त्याला सांगायचे, "गड्या, कॅल्शियम हाय तर सगळं हाय. कॅल्शियम गेलं की जनावर बसलं."

पृथ्वीराजचं लग्न लोणंदच्या रेश्माशी झालं. पोर पदवीपर्यंत शिकलेली, बोलायला मऊ, सासूला आत्या म्हणायची आणि खरंच सख्ख्या भाचीसारखी तिच्या मागं मागं असायची. पृथ्वीराज फौजेत, लांब वर सीमेवर. बनुबाईला सुनेत स्वतःचीच जुनी दशा दिसायची आणि तिचा जीव तुटायचा. रेश्माचं पहिलं पोट तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा बनुबाईनं तिला घागर उचलू दिली नाही, खाली बसून भाकरी करू दिली नाही. "एवढं एक पदरात पडू दे," म्हणायची, "मग मला कायबी नको." बाळ वाचावं, एवढंच तिचं मागणं होतं. दुसरं काही तिनं आयुष्यात कुणाकडं मागितलेलंच नव्हतं.

सातवा महिना लागला आणि रेश्माच्या पोटात कळा सुरू झाल्या. सुभेदार तेव्हा माजी सैनिकांच्या मेळाव्याला साताऱ्याला गेलेले, तिथंच जुन्या दोस्ताकडं मुक्कामाला. बनुबाईनं कुणाला विचारलं नाही. गल्लीतल्या पप्पूची गाडी बोलावली, सुनेला मागच्या सीटवर आडवी केली आणि थेट सांगलीला. कधी कधी वाटतं, त्या दिवशी सुभेदार घरात नव्हते म्हणूनच ती एवढी चटपटीत वागली.

दवाखान्यात डॉक्टर क्रांती होत्या. वयानं पृथ्वीराजएवढ्याच, केस घट्ट बांधलेले, बोलणं थोडं घाईचं. त्यांनी तपासलं, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून रेश्माला सुया दिल्या आणि एक गोळी चालू केली. कळा थांबल्या. दोन दिवस ठेवून घेतलं. सोडताना त्यांनी बनुबाईला समोर बसवलं, कारण गोळ्या तीच देणार होती.

"आजी, नीट ऐका. आपण मूठ आवळतो ती आपल्या मनानं. गर्भाची पिशवी तशी आपल्या मनानं आवळत नाही. तिचा स्नायू वेगळा. त्याला आवळायला कॅल्शियम लागतं. स्नायूच्या बारीक बारीक पेशी असतात, त्यांना दारं असतात. दार उघडलं की बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं आणि पिशवी आवळते. तीच कळ. ही गोळी ते दार लावून टाकते."

"म्हंजी दारं मोडू द्यायचं न्हाई," बनुबाई म्हणाली. "पानी पाटात असंना का. सरीत शिरलं न्हाई म्हंजी झालं."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "अगदी तसंच. आणि बाळाच्या हाडांसाठी जी कॅल्शियमची गोळी चालू आहे ती बंद करायची नाही. ते वेगळं काम आहे. या गोळीनं डोकं दुखेल, तोंड लाल होईल, छातीत धडधडेल. घाबरू नका. चक्कर आली, फार त्रास झाला, तर मला फोन करा. पण मला विचारल्याशिवाय गोळी थांबवू नका. आठवड्यानं परत दाखवायला या. जेवढे दिवस बाळ आत राहील तेवढं आपल्या फायद्याचं."

बनुबाईनं फोन नंबर मोबाईलमध्ये घालून घेतला. घरी येऊन दिवसातून तीनदा, जेवणाच्या वेळा धरून, ती गोळी सुनेच्या हातावर ठेवू लागली. रेश्माचं डोकं दुखायचं, गाल तापल्यासारखे लाल व्हायचे. बनुबाई ओलं फडकं कपाळावर ठेवायची आणि म्हणायची, "दुखू दे. दारं लागल्यात, ह्याचा अर्थ." कळ एकदाही आली नाही.

मग सुभेदार साताऱ्याहून आले.

त्यांना पहिला राग आला तो आपल्याला न विचारता सांगलीला गेल्याचा. दुसरा राग आला तो गोळ्यांचं पाकीट बघून. ते पाकीट त्यांनी उजेडात धरलं, नाव वाचलं, परत वाचलं. आपल्या कपाटातलं पाकीट काढून शेजारी धरलं.

"ही तर माजी गोळी हाय! बीपीची. हिला काय झालंय बीपी?"

"न्हाई आवं. पिशवी आवळू नये म्हनून दिलीया." बनुबाईनं डॉक्टरांनी सांगितलेलं जमेल तसं सांगितलं. दारं, कॅल्शियम, सगळं. सांगायला नको होतं. कॅल्शियम हा शब्द ऐकला आणि सुभेदारांनी मांडीवर थाप मारली.

"म्हंजी ही गोळी कॅल्शियम अडवती?"

"पिशवीतलं—"

"आगं, अडवती का न्हाई? आनि वरनं कॅल्शियमची गोळीबी द्यायची! एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं अडवायचं. ही डॉक्टरीन हाय का कोन हाय? गाय इसरलीस व्हय? कॅल्शियम गेलं तवा काय झालं हुतं तिचं?"

त्यांनी रेश्माला बोलावून दंडाला पट्टा बांधला. बीपी उतरलेलं निघालं, फार नाही, पण उतरलेलं. नाडी धाडधाड पळत होती. पोरीचं तोंड लाल, डोळे दुखण्यानं बारीक झालेले. सुभेदारांच्या चेहऱ्यावर जे आलं ते निव्वळ अहंकार नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. तो माणूस खरोखर घाबरला होता. युनिटमध्ये एका जवानाला बीपी पडून कोसळताना त्यांनी पाहिलं होतं. सुनेचा आणि नातवाचा जीव आपल्या डोळ्यांदेखत जातोय, असं त्यांना मनापासून वाटलं. पण घाबरलेल्या माणसानं फोन उचलून विचारावं ना! बनुबाई तेच म्हणाली, "फोन लावून इचारा की डाक्टरला. नंबर हाय माज्याकडं."

"मी? त्या काल शिकून आलेल्या पोरीला मी इचारू? फौजेत मी—" पुढं फौजेतलं बरंच काही आलं. शेवटी हुकूम सुटला. "ही गोळी बंद. आजपासनं. दूध दे, नाचणी दे, कॅल्शियमचं औषध पाज. ही गोळी हिच्या तोंडात गेली तर माज्याशी गाठ हाय."

बनुबाई म्हणाली, "व्हय."

एरवी ती व्हय म्हणून हवं तेच करायची, हे मघाशी सांगितलंच. खताचं पोतं लपवता यायचं. ही गोळी लपवता आली असती का? आली असती. पाण्याबरोबर घशाखाली जायला कितीसा वेळ लागतो! पण सुभेदारांनी पाकीट आपल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. दुसरं पाकीट पलूसच्या मेडिकलात मिळालं असतं. डॉक्टरांचा नंबर तिच्या कमरेच्या पिशवीतल्या मोबाईलमध्ये होता. तिनं दोनदा तो मोबाईल काढला आणि परत ठेवला. फोन केला तर डॉक्टर सुभेदारांशी बोलतील, सुभेदार त्यांच्यावर ओरडतील, मग तिच्यावर, पोर घाबरेल, आणि अशा दिवसात घरात आरडाओरडा नको. असा तिनं विचार केला. माणूस स्वतःला काय काय पटवून देतं, सांगता सोय नाही.

जेवणं झाली आणि रेश्मानं सवयीनं हात पुढं केला. "आत्या, गोळी?"

बनुबाईच्या तोंडातून इतक्या वर्षांच्या सरावानं शब्द निघाले, अगदी सहज. "मामांनी डाक्टरला इचारलं. बंद करा म्हनल्या. बीपी उतारलंय नव्हं तुजं."

रेश्माचा चेहरा हलका झाला. "बरं झालं बाई. डोकं फुटायची पाळी आली होती."

दुसऱ्या दिवशी डोकेदुखी थांबली, गालांची लाली गेली. रेश्मा बऱ्याच दिवसांनी अंगणात येऊन बसली, पृथ्वीराजशी फोनवर हसत बोलली. सुभेदारांनी पुन्हा पट्टा बांधला, आकडा चांगला निघाला. त्यांनी तो ओट्यावरच्या सगळ्यांना सांगितला. "बगा. गोळी बंद किली आनि पोरगी टवटवीत. शिकल्याली मानसं नुसती कागदं वाचत्यात." बनुबाईलाही क्षणभर वाटलं, खरं असेल का? मालकांचंच बरोबर असेल का? तिला ते खरं असावंसं वाटत होतं, म्हणून तिनं ते खरं धरलं.

त्यानंतरच्या दुपारी रेश्मा जेवायला बसली आणि घास हातात घेऊन तशीच थांबली. कळ आली. सुभेदार म्हणाले, वायू असंल, थोडी चाल. ती चालली. दुसरी कळ आली तेव्हा भिंतीला धरून उभी राहिली. बनुबाईनं सुनेच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. आता तिनं कुणाचं ऐकलं नाही, स्वतः पळत जाऊन पप्पूला उठवलं. पण आता उपयोग काय? गाडीत रेश्मानं तिचं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. सांगलीचा पूल ओलांडेपर्यंत पाणी गेलं होतं.

मुलगी झाली. तळहातात मावेल की काय असं वाटावं एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली, तोंडात नळी, अंगावर ताराच तारा. छाती आत ओढून ओढून ती श्वास घेत होती. बनुबाई काचेला तोंड लावून तिच्याशी बोलत बसली, बाहेर ये, तुला काजळ घालते, तुझा बा येतोय, असलं काहीबाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत ती श्वास घ्यायची थांबली. नाव ठेवायलाही सवड दिली नाही तिनं.

डॉक्टर क्रांती बाहेर आल्या. डोळे सुजलेले होते. "गोळी चालू होती ना?"

"तुमच्या गोळीनंच झालं सगळं," सुभेदार म्हणाले. "बीपीची गोळी देता गरवार बाईला?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग बनुबाईकडं. "कधी बंद केली? कुणी बंद केली?"

बनुबाईनं कमरेची मोबाईलची पिशवी पदराखाली झाकली.

"गोळी चालू असती तर बाळ वाचलंच असतं, असं मी छातीठोक सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण आणखी काही दिवस मिळाले असते. आणि या महिन्यात एकेका दिवसानं फरक पडतो. एक फोन करायचा होता हो."

पृथ्वीराजला सुट्टी मिळून यायला वेळ लागला. तोवर सुभेदारांनी त्याला फोनवर आणि गावाला ओट्यावर आपली हकीगत सांगून ठेवली होती. चुकीची गोळी दिली. बीपीची दिली. कॅल्शियम अडवलं, पोर आतल्या आत वाळली. मी गोळी बंद केली म्हणून सून तरी वाचली. इतक्या वेळा सांगितलं की त्यांचा स्वतःचाच त्यावर पक्का विश्वास बसला. रेश्मा आतल्या खोलीत पडून असायची. छातीला दूध आलेलं, ते पिळून टाकायचं बनुबाई रोज बघायची, आणि दाराबाहेर येऊन पदरात तोंड खुपसायची.

पृथ्वीराज आला तो पेटूनच. ट्रंक ओट्यावर टेकवली, बायकोला आत जाऊन भेटला आणि थोड्या वेळानं बाहेर आला तेव्हा डोळे तांबडेलाल. बापाचे दोस्त जमले होते, गल्लीतली चार तरणी पोरं जमली होती. सांगलीला जायचं, दवाखान्याचा बोर्ड फोडायचा, त्या डॉक्टरणीला लोकांसमोर उभी करायची, असं ठरत होतं. पृथ्वीराजनं शेजाऱ्याची गाडी बाहेर काढली. सुभेदारांनी फौजेतली टोपी डोक्यावर चढवली. म्हणे हिशेब मागायला निघाले!

बनुबाई चौकटीत उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर डॉक्टरांचे सुजलेले डोळे आले. जमाव गेला तर त्या पोरीचं काय होईल, हे तिला कळत होतं. आणि आजवर गिळलेलं सगळं न्हाई आता तिच्या ओठावर आलं.

"पृथ्वी," ती म्हणाली, "गाडीतनं खाली उतर."

"आये, तू मधी पडू नगंस."

"उतर म्हनते ना! डाक्टरनं गोळी बरोबर दिलती. त्या गोळीनं कळा थांबल्या हुत्या. तुज्या आबांनी ती डाक्टरला न इचारता बंद किली. कपाटात कुलपात हाय, जाऊन बग."

"गप बस," सुभेदार म्हणाले. आवाज नेहमीचा होता, पण त्यात जोर नव्हता. "तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला सगळं कळत हुतं!" बनुबाई ओरडली. गावानं त्या घरात तिचा चढलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "डाक्टरनं मला समोर बसवून सांगितलं हुतं. इचारल्याबिगर थांबवू नगा म्हनली हुती. मी तुमास्नी म्हनलं, फोन लावा. तुमी लावला न्हाईसा. लाज वाटली तुमास्नी, पोरीबाळीला इचारायची. आनि आता तिलाच मारायला निघालाय? थू तुमच्या मर्दुमकीवर!"

गल्लीतली पोरं खाली मान घालून एकेक करून सटकली. सुभेदारांचे दोस्त चपला शोधायला लागले. पृथ्वीराज गाडीतून उतरून बापाकडं बघत राहिला, बाप भिंतीकडं. सुभेदारांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बनुबाईला वाटलं, झालं. खरं एकदाचं बाहेर पडलं. आता घराचं काहीही होवो. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला.

मागं पावलं वाजली. रेश्मा दारात उभी होती, केस मोकळे, अंगावर शाल. तिनं सगळं ऐकलं होतं. सासऱ्याकडं तिनं पाहिलंही नाही.

"आत्या," ती म्हणाली, "मामांनी डॉक्टरला विचारलंय, असं तुम्ही मला सांगितलं होतं."

बनुबाई गर्रकन वळली.

"डॉक्टर बंद करा म्हणाल्या, असंही सांगितलं होतं. कोण म्हणालं होतं, आत्या?"

"कुनी न्हाई." बनुबाईला बोलताना धाप लागली. "मीच. घरात भांडान नगं म्हनून. ह्यास्नी राग—"

"मामांना वाटलं गोळी वाईट आहे. त्यांना कळलं नाही. त्यांच्याशी मी भांडले असते. फोन मीच केला असता, माझ्या हातात फोन होता." रेश्मा रडत नव्हती. रडली असती तर बनुबाईनं तिला जवळ तरी घेतलं असतं. "तुम्हाला कळत होतं. आणि तुम्ही मला विचारूसुद्धा दिलं नाही."

पृथ्वीराज दोघींच्या मध्ये उभा होता. आईकडं बघावं की बायकोकडं, त्याला समजेना.

"गाडी बाहेर काढलीच आहे," रेश्मा त्याला म्हणाली, "तर मला लोणंदला सोडा."

बनुबाई पुढं झाली. "पोरी, आगं अजून अंग भरलं न्हाई तुजं. एवढ्या लांब गाडीत... मी येते संगं."

"नको," रेश्मा म्हणाली, आणि पायरी उतरताना बनुबाईनं पुढं केलेला हात टाळून भिंतीचा आधार घेतला.